स्वतःला बसवलेली बाई

देव सगळीकडे असतो, असं जर्मनीतल्या येना गावच्या चर्चमध्ये दर रविवारी सांगितलं जायचं. पण तो नीट दिसायचा फक्त पुढच्या तीन बाकांवरून. पहिल्या बाकावर प्रोफेसरीणबाया आणि पाद्रीणबाई, दुसऱ्यावर कारागिरांच्या बायका, म्हणजे पेठेतल्या वजनदार मिस्त्रिणी, तिसऱ्यावर दुकानदारिणी. मग मागे मागे उतरत जाऊन शेवटी जाड खांबाच्या आड मोलकरणी, दाया, बहिऱ्या म्हाताऱ्या आणि ज्यांचं कुणी उरलं नाही अशा. पुरुष वरच्या सज्जात बसायचे आणि खाली कुणाची टोपी नवी आहे ते बघायचे. बाई कुठं बसणार हे तिच्या नवऱ्यावरून ठरे. तिच्या भक्तीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसे, आणि नव्हता तेच बरं, नाहीतर पहिलं बाक कायम रिकामं राहिलं असतं.

सिबिला हेरलिंगची जागा दुसऱ्या बाकावर होती. ती मूळची डोंगरापलीकडच्या खेड्यातली, दुसऱ्यांची बदकं राखणाऱ्याची मुलगी. येनात आली ती भांडी घासायला, आणि खुर्च्या घडवणाऱ्या गॉटहेल्फ हेरलिंगनं तिला पसंत केलं. गॉटहेल्फ फारसा बोलत नसे आणि त्याच्या खुर्च्याही करकरत नसत. सासू आधीच वारलेली. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सिबिला सासूच्या जागेवर जाऊन बसली. काल ज्यांच्या ताटल्या विसळल्या त्या बायका मान लववून म्हणाल्या, "या, मिस्त्रीणबाई." त्या दिवशी तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण कुणीतरी आहोत. ते वाटणं तिनं पुढं कित्येक वर्षं दर रविवारी जाऊन ताजं करून घेतलं.

मग एका हिवाळ्यात गॉटहेल्फ छातीच्या तापानं गेला. मूलबाळ नव्हतं, कारखाना बंद पडला. कारागिरांच्या पंचायतीचा म्हातारा प्रमुख टोपी हातात धरून दारात आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, नियम तुम्हाला ठाऊकच आहे. जागा मिस्त्रीच्या बायकोची असते. खोगीरवाला ट्राउटमान आता मिस्त्री झालाय." म्हणजे जागा आता ट्राउटमानच्या आपोलोनियाची. सिबिलाला खांबाआड धाडलं.

नवरा गेल्याचं दुःख तिनं चारचौघींसारखं केलं. जागा गेल्याचं दुःख मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण ते जास्त होतं. खांबाआड प्रवचन ऐकू यायचं ते खोकल्यापुरतं. दाराच्या फटीतून वारा मानेवर यायचा, आणि शेजारच्या दाईच्या मांडीवरचं पोर नेमकं 'आमेन'ला भोकाड पसरायचं. चर्च सुटलं की पुढची बाकं आधी बाहेर पडत. मागचे बाहेर येईपर्यंत अंगणातले नमस्कार, चौकश्या, लग्नांच्या बातम्या सगळं उरकलेलं असे. 'मिस्त्रीणबाई' आता कुणी म्हणत नसे. 'हेरलिंगची विधवा' म्हणत.

पोटापाण्यासाठी तिनं घराच्या वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या. येनात ज्याच्याकडे जास्तीची खोली आहे त्याच्या नशिबी विद्यार्थी असतात. ते आले, त्यांच्या चिलमी आल्या, कुत्री आली, फुटलेल्या काचा आल्या. शेवटी वैतागून तिनं ठरवलं की आता एखादा प्रोफेसर बरा, आणि प्रोफेसर टोबियास क्नाउर आले. सामान म्हणजे पेट्या भरून पुस्तकं आणि एक सदरा. माणूस ठेंगणा, जाड मानेचा, रस्त्यानं चालायचा तो वाटेतल्या प्रत्येक दगडाशी वैर असल्यागत. बाप गवंडी होता. मुलानं विटांचा नाद सोडून तत्त्वज्ञान धरलं होतं, पण आवाज बांधकामावरचाच राहिला होता.

गॉटहेल्फचा कारखाना रिकामाच पडला होता. प्रोफेसरांनी तिथं व्याख्यानं सुरू केली. न विकल्या गेलेल्या खुर्च्यांवर विद्यार्थी बसत, उरलेले खिडकीत, लाकडाच्या ओंडक्यांवर, एकमेकांच्या अंगावर. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. तिथं सिबिला बटाटे सोलत बसायची, आणि भिंतीतून प्रोफेसरांचा आवाज विटा फोडत यायचा.

"'मी'ला कुणी आणून बसवत नाही! 'मी' स्वतःच स्वतःला बसवतो! आणि बसवतो म्हणूनच तो असतो!"

पहिल्या दिवशी तिला वाटलं, खुर्चीला गिऱ्हाईक आलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा कोण स्वतःला बसवतोय, आणि कुठं, याचा काही पत्ता लागेना. आठवडाभर तिनं दम काढला आणि मग दुपारी प्रोफेसर जेवायला बसले असताना विचारून टाकलं.

"प्रोफेसरसाहेब, तो 'मी' कोण हो? इथलाच आहे का?"

प्रोफेसरांच्या तोंडात बटाट्याचा उकडलेला गोळा होता. "कुठला?"

"तोच, रोज सकाळी येऊन स्वतःला बसवतो तो. भलताच आगाऊ दिसतोय."

"तो म्हणजे... तो प्रत्येक जण आहे, बाई. तुम्हीसुद्धा."

"मी? मी तर हेरलिंगची विधवा."

"'मी' कुणाची विधवा नसतो!" प्रोफेसरांनी काटा टेबलावर आपटला. "कुणाची बायको नसतो, कुणाचा मुलगा नसतो. माझा बाप भिंती बांधायचा, म्हणून मी काय भिंत आहे? जो स्वतःला 'मी' म्हणतो तो 'मी'. एवढं म्हटलं की झालं. बाकी सगळं त्याच्यानंतर."

"सगळं?"

"सगळं! ही शेगडी, ही गल्ली, तो ड्यूक. हे सगळं 'मी-नव्हे'. आणि तेही 'मी'च आपल्यापुढं उभं करतो. त्याच्याशी झुंजल्याशिवाय आपण कोण ते कळणार कसं?"

"आणखी एक गोळा वाढू?"

"वाढा."

त्या दिवसापासून सिबिला जगाची वाटणी करू लागली. मांजर 'मी-नव्हे'. ओली लाकडं 'मी-नव्हे'. चिलमींचा धूर, प्रोफेसरांचे भोकं पडलेले मोजे, सगळं 'मी-नव्हे'. खरं तर प्रोफेसरांचं सगळं 'मी-नव्हे' तीच धूत होती, शिजवत होती, रफू करत होती, आणि त्यांच्या 'मी'ला त्याचा पत्ताही नव्हता. पण त्याबद्दल तिला राग नव्हता. नवऱ्यालाही नव्हता पत्ता. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. सगळ्या 'मी-नव्हे'मध्ये एक नाव ती रोज पहिलं घालायची, आपोलोनिया ट्राउटमान, आणि मग बटाट्याची साल जरा जास्तच जाड निघायची.

असे पाच-सहा महिने गेले. हिवाळा तोंडावर आला, खांबाआडचा वारा बोचू लागला. आणि एका रविवारी सिबिला घंटा व्हायच्या आत चर्चमध्ये शिरली, सरळ पुढं गेली आणि दुसऱ्या बाकावर आपल्या जुन्या जागी बसली.

आपोलोनिया आली ती नेहमीसारखी उशिरा, तीन घागरे आणि नवीन टोपी घालून, सगळ्यांनी बघावं म्हणून.

"हेरलिंगबाई, चुकलात तुम्ही. तुमची जागा मागे."

"चुकले नाही. इथंच बसलेय."

"कुणी बसवलं तुम्हाला इथं?"

"कुणी नाही. मीच बसवलं मला."

"अगं बाई! डोकं फिरलं का हिचं? ऊठ!"

"नाही उठत. तू फिरव तुझं डोकं, टोपी दिसू दे सगळ्यांना."

तेवढ्यात वाद्य सुरू झालं, स्तोत्राला सगळे उभे राहिले, आणि बसायच्या वेळी आपोलोनिया जी बसली ती निम्मी बाकाच्या कडेवर आणि निम्मी सिबिलाच्या मांडीवर. सिबिला हलली नाही. आपोलोनियाही हलली नाही. दोघी तशाच दात आवळून, समोर बघत बसल्या. पुढच्या स्तोत्रात सिबिलानं आवाज चढवला, आपोलोनियानं त्यावर चढवला, आणि तिसऱ्या कडव्याला दोघींत देवाचं नाव कुणालाच ऐकू येईना. वरच्या सज्जातले पुरुष कठड्यावरून इतके वाकले की एकाची टोपी पहिल्या बाकावरच्या प्रोफेसरीणबाईंच्या पुढ्यात पडली. मोठे पाद्री ओएमलर त्या दिवशी नम्रतेवर बोलणार होते. ते बोललेही, पण ऐकायला कुणी नव्हतं. येनात इतकं लक्ष देऊन चर्चला कुणी बसलं नव्हतं, फक्त बघायचं ठिकाण वेगळं होतं.

सुटल्यावर घंटेवाला नीटहार्ट धावत आला. "काय केलंत हे, बाई? कुणी शिकवलं तुम्हाला असलं?"

सिबिलाची मांडी बधिर झाली होती आणि डोकं आनंदानं हलकं झालं होतं. तेव्हा ती म्हणाली ते वाक्य तिनं पोटात ठेवायला हवं होतं. ती म्हणाली, "आमचे प्रोफेसर रोज सांगतात. 'मी'ला कुणी बसवावं लागत नाही, देवानंसुद्धा."

हा शेवटचा शब्द प्रोफेसरांचा नव्हता, तिचा होता. पण संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गावात प्रोफेसरांचा झाला.

देव आहे की नाही यावर येनातले शहाणे वर्षानुवर्षं भांडत, पुस्तकं लिहीत, एकमेकांकडे बिअर प्यायला जात. त्यावरून कुणाचं काही बिघडत नसे. पण बाकाला हात लागला तसं आठवड्याच्या आत धर्ममंडळ बसलं. नास्तिक प्रोफेसर एक वेळ चालेल, पण त्याच्या नादानं उद्या स्वयंपाकीणबाई पाद्रीणबाईंच्या शेजारी येऊन बसली तर राज्य कुठं राहिलं? क्नाउरांना विद्यापीठातली खुर्ची सोडावी लागणार अशी कुजबुज सुरू झाली. फक्त एक साक्ष पाहिजे होती.

त्यासाठी मोठे पाद्री ओएमलर स्वतः सिबिलाच्या स्वयंपाकघरात आले. त्यांनी तिचा आलुबुखाराचा केक खाल्ला, हात पुसले आणि मऊ आवाजात बोलले.

"हेरलिंगबाई, तुम्ही भोळ्या आहात. तुम्हाला कुणीतरी फशी पाडलं."

"हो का?"

"गुरुवारी मंडळापुढं एवढंच सांगा की हे त्या माणसानं शिकवलं. तुमचा अपराध माफ. आणि पंचायतीशी मी बोललोय. एवढी वर्षं त्या जागेवर काढलीत तुम्ही. दुसरं बाक, तीच जागा, मरेपर्यंत तुमची."

"आणि ट्राउटमानीण?"

"तिला तिसऱ्यावर नेऊ."

"तिसऱ्यावर!" सिबिलाला इतका आनंद झाला की तिनं त्यांना आणखी एक तुकडा वाढला.

पाद्री गेले आणि तासाभरात प्रोफेसर आले. जेवायची वेळ नसताना ते स्वयंपाकघरात पहिल्यांदाच आले होते. शेगडीजवळ उभे राहिले, मग खिडकीजवळ, मग पुन्हा शेगडीजवळ.

"मिस्त्रीणबाई, तुमचा घोटाळा झालाय. ते बसवणं वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

"मी ज्या 'मी'बद्दल बोलतो तो चर्चला जात नाही. त्याला पाय नाहीत, घागरा नाही. तो अनुभवाच्या आधीचा आहे. तो म्हणजे तुम्ही नव्हे."

"तुम्हीच म्हणालात, तुम्हीसुद्धा म्हणून. गोळा खाताना."

"म्हणालो. एका अर्थानं."

"मग तो कोण? तुम्ही?"

"मीही नव्हे... म्हणजे, आहे, पण हा इथं उभा आहे तो नव्हे." प्रोफेसरांनी कपाळ पुसलं. "आणि समजा तुम्ही आहात. मग ट्राउटमानबाई कोण? ती पण स्वतःला 'मी'च म्हणते. तिच्या मांडीखाली बसून तुम्ही तिला 'मी-नव्हे' कसं म्हणाल? दुसऱ्यानं आपल्याला 'मी' म्हणून ओळखलं तरच आपण 'मी' होतो. हे मी पुढच्या सत्रात शिकवणार होतो."

हे सिबिलाला अजिबात आवडलं नाही, कारण ते पटण्यासारखं होतं. आपोलोनियासुद्धा आत कुठंतरी 'मी' म्हणत असेल ही कल्पना तिला किळसवाणी वाटली, पण डोक्यात शिरली ती शिरलीच.

"गुरुवारी सांगा की तुम्ही ऐकण्यात चुकलात," प्रोफेसर खालच्या आवाजात म्हणाले. "माझी खुर्ची गेली तर मी कुठं जाऊ? मला दुसरं काही येत नाही, बाई. भिंतसुद्धा सरळ बांधता येत नाही."

सिबिलाला त्यांची दया आली, हे खरं. पण गुरुवारी ती चांगली टोपी घालून निघाली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. ज्याच्यामुळं आपण कधी नव्हे ते ताठ बसलो त्याचा घात करायला आपण निघालोय हे तिला कळत होतं, आणि तरीही प्रत्येक पावलाला तिला दुसरं बाक दिसत होतं. प्रोफेसर आज ना उद्या दुसऱ्या गावी जातीलच, ते पक्षीच तसले. बाक इथंच राहणार.

मंडळाच्या खोलीत पाच जण खुर्च्यांवर बसले होते. प्रोफेसरांना बाहेर थांबवलं होतं. सिबिलाला कुणी बस म्हटलं नाही. ती उभीच राहिली.

"घाबरू नका," मोठे पाद्री म्हणाले. "कुणी शिकवलं ते नाव घेऊन सांगा, आणि येत्या रविवारी आम्ही तुम्हाला दुसऱ्या बाकावर बसवू."

ती तोंड उघडणारच होती. पण तो शेवटचा शब्द तिला खटकला. आम्ही बसवू. सासूच्या मरणानं तिला बसवलं होतं, नवऱ्याच्या मरणानं उठवलं होतं, आता हे पाच जण बसवणार होते. यांचं मन फिरलं की पुन्हा उठवणार, आणि तीही पुन्हा मान खाली घालून खांबाकडे चालू लागणार. एकदाच, त्या एकाच रविवारी, मांडी बधिर होईपर्यंत ती कुणाच्याही मेहेरबानीशिवाय बसली होती. तिला त्या जागेचा असा राग आला की ती स्वतःच दचकली.

"प्रोफेसरांनी मला काही शिकवलं नाही," ती म्हणाली. "मी आपली आपण बसले."

"पण घंटेवाला सांगतो की..."

"त्याला घंटेनं बहिरं केलंय. सगळ्या गावाला माहीत आहे."

एक जण हसला आणि त्यानं लगेच खोकल्याचं सोंग आणलं. मोठ्या पाद्रींचा आवाज बदलला. "हेरलिंगबाई, विचार करून बोला. म्हणजे अपराध सगळा तुमचा?"

"बसणं सगळं माझं."

हे तिनं खोटं सांगितलं होतं, निदान तिला तसंच वाटत होतं. त्या भिंतीपलीकडच्या आवाजाशिवाय ती जन्मात त्या बाकाकडे फिरकली नसती हे तिला पक्कं ठाऊक होतं. खोटं बोलून माणूस वाचवला आणि त्यापायी बाक घालवलं, असा हिशेब मनाशी घालत ती घरी आली, दार लावून घेतलं आणि आलुबुखाराचा उरलेला केक रडत रडत संपवला.

शिक्षा झाली ती अशी. खांबाआडची जागा, मरेपर्यंत. आणि चर्चच्या दारात सगळ्यांसमोर आपोलोनियाची माफी. सिबिलानं ती मागितली, भाजीचा भाव विचारावा इतक्या कोरड्या आवाजात. आपोलोनियानं ती घ्यायची असते तशी, मान उडवून घेतली. मग जवळ सरकून, ओठ न हलवता म्हणाली, "आमच्या ह्यांना खोकला लागलाय गं. रात्रभर." आणि घागरे सावरत दुसऱ्या बाकाकडे गेली. सिबिला खांबाआड जाऊन बसली, पण त्या रविवारी तिला आपोलोनियाचा राग करायला जमेना.

प्रोफेसरांची खुर्ची शाबूत राहिली. ते आठवडाभर तिच्याशी फार अदबीनं वागले, एकदा तर स्वतःची ताटली स्वतः उचलली. मग धीर परतला, आवाज परतला आणि गर्दीही दुप्पट झाली, कारण धर्ममंडळानं ज्याला जवळजवळ हाकललं त्याला ऐकायला कोण येणार नाही? सिबिला कॉफीची किटली घेऊन कारखान्याच्या दाराशी आली तेव्हा आत ते रंगात आले होते.

"आणि सज्जनहो, सामान्य बुद्धीचं काय होतं पाहा! याच गावातल्या एका भल्या बाईनं ऐकलं की 'मी' स्वतःला बसवतो. तर ती उठली आणि चर्चमध्ये जाऊन बाकावर बसली! तिला वाटलं, तत्त्वज्ञान बुडानं करतात!"

कारखाना हसण्यानं दणाणला. विद्यार्थी पाय आपटू लागले. गॉटहेल्फच्या न करकरणाऱ्या खुर्च्यासुद्धा त्या दिवशी करकरल्या. सिबिलाच्या कानशिलात रक्त चढलं. मागे फिरावंसं वाटलं तिला. ती आत गेली.

तिला बघून हसणं पुढून मागे विझत गेलं. प्रोफेसर लाल झाले, त्यांनी नसलेला कागद शोधायला सुरुवात केली. खिडकीत बसलेल्या एका लांबोडक्या विद्यार्थ्याला मात्र समजलं नाही, किंवा फार समजलं. त्यानं विचारलं, "बाई, मग मंडळापुढं तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, प्रोफेसरांनी मला काही शिकवलं नाही." तिनं प्रोफेसरांकडे बघितलं. "तेव्हा मला वाटलं, खोटं बोलतेय."

कुणी हसलं नाही. तिनं किटली त्यांच्यापुढं ठेवली, दार ओढून घेतलं आणि बटाटे उकडायला टाकले.